टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण घरच्या कॉम्प्युटरवर कसं रेकॉर्ड करावं? (लेकीचं कथक आहे)

तिहाई (सोमवार, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरात राहते. लेक नववीत आहे, सात वर्षं कथक शिकते आहे. पुढच्या महिन्यात एका महोत्सवात तिच्या क्लासच्या मुलींचं समूहनृत्य आहे आणि तो कार्यक्रम सह्याद्रीवर थेट दाखवणार आहेत. कार्यक्रम अडीच तासांचा. यांचं नृत्य अठरा मिनिटांचं, पण कितव्या नंबरवर ते आयत्या वेळी ठरणार. म्हणजे सगळंच रेकॉर्ड करावं लागणार.

दोन वर्षांपूर्वी हात पोळून घेतलेत. तेव्हा आमच्याकडे रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स होता. तिचा पहिला टीव्हीवरचा नाच त्यात छान रेकॉर्ड झाला. चार महिन्यांनी बॉक्स बिघडला. मेकॅनिक आला, जुना बॉक्स उचलून नवीन लावून गेला. आतलं रेकॉर्डिंग काढून द्या म्हटलं, तर ते फक्त त्याच बॉक्सवर चालतं, बाहेर काढता येत नाही, असं उत्तर मिळालं. लेक दोन दिवस जेवताना बोलली नाही.

घरात आठ वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे. आय-थ्री, 8 जीबी रॅम, डिस्कवर 200 जीबी मोकळी. भाऊ म्हणतो रेकॉर्ड करतानाच फाइल लहान करून टाक, जागा वाचेल. खरंच तसं करावं का? आणि टीव्हीतलं चित्र कॉम्प्युटरमध्ये आणायचं कसं?

पंचवटी_एक्सप्रेस (सोमवार, रात्री 10:58)

ताई, टीव्हीसमोर स्टँडवर मोबाइल लावा आणि घरच्यांना अडीच तास शिंकायला बंदी करा. :)

गंमत सोडा. माझ्या बहिणीच्या लग्नाचा एक तुकडा असाच घेतलेला आहे. त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या स्पष्ट ऐकू येतात.

मेनरोड (सोमवार, रात्री 11:15)

सोपं आहे. एचडीएमआय कॅप्चर कार्ड घ्या, बॉक्सची वायर त्यात, कार्ड यूएसबीला. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगचं ओबीएस स्टुडिओ फुकट मिळतं. बटण दाबा, झालं.

ओझरचा_तंत्री (मंगळवार, सकाळी 6:20)

मेनरोड, बटण दाबलं की बहुतेकांना काळा पडदा दिसतो, तेवढं सांगायचं राहिलं. डीटीएचच्या बॉक्समधून एचडीएमआयवाटे जे चित्र निघतं त्याला एचडीसीपीचं कुलूप असतं. टीव्हीकडे किल्ली असते, कॅप्चर कार्डाकडे नसते. त्या वाटेला जाऊच नका. सह्याद्री दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशवर विनाकुलूप मिळते, तर कुलूप असलेल्या दाराशी झटायचं कशाला?

तिहाई ताई, जरा सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. टीव्हीचं चित्र तुमच्या घरी येतं ते आधीच कॉम्प्रेस होऊन. वाहिनीवाल्यांनी ते एमपेग-2 किंवा एमपेग-4 मध्ये दाबून उपग्रहावर पाठवलेलं असतं. तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवला तर कॉम्प्युटरला काहीच दाबावं लागत नाही. 188 बाइटचं एकेक पुडकं येतं, ते लिहायचं. तुमचा आय-थ्री हे काम झोपेत करेल.

वाहिनी 4 एमबीपीएसने येते असं धरलं तर तासाला 1.8 जीबी. अडीच तासांचे साडेचार जीबी. एवढ्यासाठी जागा वाचवायची?

आता कॅप्चर कार्डाचं बघा. बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी यूएसबी कॅप्चरला लावल्या, तर बॉक्स आधी ते दाबलेलं चित्र उलगडतो, ॲनालॉग करतो, कार्ड पुन्हा डिजिटल करतं. 720 गुणिले 576 चं चित्र, सेकंदाला 25 फ्रेम, काहीही न दाबता साठवलं तर सेकंदाला जवळजवळ 21 एमबी होतात, तासाला 75 जीबी. तुमच्या 200 जीबीत ते अडीच तास कसेबसे बसतील. म्हणून लोक तिथेच घाईघाईने दाबतात आणि चित्र दुसऱ्यांदा मार खातं.

तेव्हा फ्री डिशची साधी 60 सेंटीमीटरची डिश आणि डीव्हीबी-एस2 ट्यूनर (डिशचा प्रवाह कॉम्प्युटरला देणारं यंत्र) घ्या. यूएसबीचा घेतलात तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्या. एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, 13 किंवा 18 व्होल्ट लागतात, यूएसबी पोर्ट 5 व्होल्टचं.

तिहाई (मंगळवार, सकाळी 9:05)

ओझरकाका, खूप आभार. "आधीच कॉम्प्रेस होऊन येतं" हे मला माहीतच नव्हतं. गच्चीवर डिश लावायला सोसायटीची परवानगी आहे. दिशा कोणती?

ओझरचा_तंत्री (मंगळवार, सकाळी 9:30)

फ्री डिश जीसॅट-15 वर आहे, 93.5 अंश पूर्व. नाशिकहून बघाल तर आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे 58 अंश वर. पण डिश तेवढी आकाशाकडे वळलेली दिसणार नाही. एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ताटली त्या मानाने उभीच वाटते. बघून घाबरू नका. आग्नेयेला शेजारची इमारत किंवा नारळ आडवा येत नाही ना, तेवढं आधी बघा.

केबलवाला_नाना (मंगळवार, दुपारी 2:10)

एवढ्या खटाटोपाची गरज नाही पोरी. फ्री डिशच्या पुष्कळ साध्या बॉक्सना यूएसबीचं भोक असतं. त्यात पेनड्राइव्ह घाल, रिमोटवरचं लाल बटण दाब. तोही प्रवाह जसाच्या तसाच उतरवतो. फक्त विकत घेताना दुकानातच दोन मिनिटं रेकॉर्ड करून ती फाइल कॉम्प्युटरवर उघडते का बघ. काही बॉक्स आपल्याच भाषेत लिहितात आणि मग तुझा मागचाच किस्सा पुन्हा.

मी 1994 पासून या धंद्यात. 2003 च्या सिंहस्थात आमच्या कंट्रोल रूमला दोन व्हीसीआर दिवसरात्र चालू असायचे, एकाची कॅसेट संपायच्या आत दुसरा सुरू करायचा. त्यासाठी एक मुलगा फक्त घड्याळ बघायला ठेवला होता. 2013 च्या मार्चअखेर नाशिकचं केबल डिजिटल करायचं ठरलं तेव्हा त्या मशिनी माळ्यावर गेल्या. कॅसेटींना बुरशी धरली. शाही स्नानाच्या सात कॅसेटींपैकी दोनच वाचल्या. त्या मी स्वतः साफ करून कॉम्प्युटरवर उतरवल्यात.

मेनरोड (मंगळवार, दुपारी 2:40)

नाना, त्या दोन कॅसेटींचा वेगळा धागा काढा ना. माझे आजोबा त्या वेळी रामकुंडावर स्वयंसेवक होते.

केबलवाला_नाना (मंगळवार, दुपारी 3:00)

काढतो. तुझे आजोबा दिसतात का बघू.

डोंबिवलीची_मावशी (मंगळवार, दुपारी 4:15)

मला एक कळत नाही. सह्याद्रीचं यूट्यूब चॅनेल आहे. आज ना उद्या कार्यक्रम तिथे येईलच. मग डिश, ट्यूनर, गच्ची कशासाठी?

कालिदास_बाल्कनी (मंगळवार, संध्याकाळी 7:50)

मावशी, येईलही. पण कधी येईल, पूर्ण येईल का, पुढच्या वर्षी तिथे असेल का, यातलं काही आपल्या हातात नाही. शिवाय तिथे चढवताना चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा दाबले जातात.

आवाजाबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे, कारण सगळे चित्रावरच बोलताहेत. मी वीस वर्षं तबल्याची साथ केली आहे. कथकाचं रेकॉर्डिंग म्हणजे अर्धं घुंगरांचं रेकॉर्डिंग. घुंगरांचा आवाज बारीक, टोकदार आणि क्षणभराचा. कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी बिट देऊन, आवाज दाबला की सगळ्यात आधी तोच मरतो. ततकार, म्हणजे पायांचं काम, चालू असते आणि ऐकू येतं ते पाण्यातून चाललेल्या पैंजणासारखं, नुसतं स्सस्स. शंभर घुंगरांमधले आठ-दहाच वाजवून दाखवायची जी करामत असते, तिचा तर मागमूस राहत नाही. मूळ आवाज तसाच ठेवा, त्याला हात लावू नका. बदलावाच लागला तर एएसी फॉरमॅटमध्ये 192 केबीपीएसच्या खाली जाऊ नका.

आणि त्या स्वस्त यूएसबी कॅप्चरची दुसरी खोड. चित्राचं घड्याळ वेगळं, आवाजाचं वेगळं. सुरुवातीला जुळतं, तासाभराने अर्धा सेकंद फरक पडतो. भाषणात हे खपेल. इथे मुलगी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय टाकते आणि सम नंतर ऐकू येते! माझ्या एका शिष्येच्या अरंगेत्रमचं असंच झालं. ते रेकॉर्डिंग आजही कुणी पूर्ण बघू शकत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस (मंगळवार, रात्री 8:05)

कथकात अरंगेत्रम?

कालिदास_बाल्कनी (मंगळवार, रात्री 8:12)

बरोबर पकडलंत. ती भरतनाट्यमची विद्यार्थिनी, माझ्याकडे ताल शिकायला यायची.

द्राक्षबाग (मंगळवार, रात्री 9:30)

पिंपळगाव बसवंतहून लिहितोय. ताई, पुढचा महिना म्हणजे मृगाचं तोंड. डिशचा सिग्नल येतो त्या केयू बँडचा पावसाशी उभा दावा आहे. ढग नुसता आला तर चालतं, पण धो धो सर आली की थेंबच सिग्नल पितात. उपाय एकच. डिश आज लागते आहे म्हणून सोडून देऊ नका, बॉक्सवरची क्वालिटीची पट्टी बघत अगदी केसाकेसाने फिरवून कमाल जागी घट्ट आवळा. कोरड्या दिवशी जेवढी शिल्लक गाठीला, तेवढी सर सोसते. आणि नटबोल्ट आवळतानाच डिश हलते, म्हणून आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा बघा.

सातपूर_शिफ्ट (मंगळवार, रात्री 11:45)

सेकंड शिफ्ट करून आलो, धागा आवडला. विजेचं कुणी बोललंच नाही. पहिल्या पावसात आमच्याकडे वीज जातेच. इन्व्हर्टर असला तरी वीज गेल्यावर तो चालू व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबून ठेवा, नाहीतर छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपवर करत असाल तरी बॉक्स किंवा ट्यूनरचा अ‍ॅडॉप्टर विसरू नका. लॅपटॉप जिवंत राहील, पण एलएनबी मेला तर तो रेकॉर्ड काय करणार?

विंडोजचं अपडेट आणि स्लीप दोन्ही बंद. स्क्रीनसेव्हरसुद्धा.

मेनरोड (बुधवार, सकाळी 10:20)

मान्य, एचडीएमआयचा सल्ला मागे घेतो. पण फाइल लहान करण्याबद्दल बोला की. ताईंचा तोही प्रश्न आहे. माझ्या मते एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डातला एनव्हीएन्क (व्हिडिओ दाबणारा भाग) वापरावा. अठरा मिनिटांची क्लिप दोन मिनिटांत होते.

ओझरचा_तंत्री (बुधवार, दुपारी 1:00)

रोजच्या बातम्या साठवायच्या असतील तर मीही तेच वापरेन. ही क्लिप आयुष्यात एकदा दाबायची आहे, रात्रभर लागली तरी बिघडत नाही. त्याच आकारात एक्स264 या दाबणाऱ्या सॉफ्टवेअरचं सावकाश काम बहुतेक वेळा उजवं येतं, विशेषतः हालचालीत. चक्कर आठवा. मुलगी गोल फिरते, घेर फुलतो, जरीचा काठ झळकतो. प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदललेलं असतं. तिथे बिट कमी पडले की घेराच्या जागी चौकोन चौकोन दिसतात. म्हणून ठरावीक बिटरेट देऊ नका, सीआरएफ, म्हणजे ठरावीक दर्जा, द्या. त्यात स्थिर चित्राला कमी आणि चकरेला जास्त बिट आपोआप मिळतात. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स264, आरएफ (तिथे सीआरएफचं नाव) 20, प्रीसेट स्लो. आकडा जेवढा लहान तेवढी फाइल मोठी.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. आपल्या साध्या वाहिन्यांचं चित्र इंटरलेस्ड येतं. सेकंदाला 25 फ्रेम म्हणतो, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं असतात, एकआड एक ओळींत विणलेली. म्हणजे हालचालीचे खरे क्षण 50. कॉम्प्युटरवर ते तसंच दाखवलं की हलत्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. डीइंटरलेस करताना बॉब निवडा, म्हणजे 50 च्या 50 क्षण राहतात. नुसतं साधं डीइंटरलेस केलं तर 25 उरतात आणि हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, तुटक दिसतात.

आणि चित्राचं प्रमाण तपासा. 720 गुणिले 576 मधले ठिपके चौरस नसतात. रुंद पडद्याचं चित्र असेल तर ते 1024 गुणिले 576 एवढं पसरून दिसायला हवं. ते चुकलं की सगळ्या मुली उंच आणि बारीक दिसतात.

पंचवटी_एक्सप्रेस (बुधवार, दुपारी 1:20)

त्याबद्दल कुणी तक्रार करेल असं वाटत नाही. :)

गंगापूररोड_गल्ली4 (बुधवार, रात्री 10:00)

जरा विषयांतर, पण फाइल लहान करण्याच्या घाईवरच आहे. 2 ऑगस्ट 2016 ला गोदेला पूर आला, तेव्हा मी दिवसभर टीव्हीवरचं थेट चित्रण रेकॉर्ड करत होतो. डिस्क लहान होती, म्हणून तिथल्या तिथे अगदी कमी बिटरेटवर दाबत गेलो. रात्री बघितलं. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलंय, हेच तर आपण नाशिककर पुरात आधी विचारतो. माझ्या फाइलमध्ये गढूळ तपकिरी चौकोनांचा एक ढीग आणि त्यात कुठेतरी मारुती. पाणी एका जागी थांबत नाही, प्रत्येक लाट वेगळी, त्यामुळे दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याच्यासारखं अवघड काही नाही, हे नंतर कळलं. मूळ प्रवाह ठेवला असता तर पंधरा-वीस जीबी लागले असते. आज तेवढी जागा लग्नाच्या आल्बमला देतो.

ताई, भावाचं ऐकू नका.

काळाकोट (गुरुवार, सकाळी 8:40)

कुणाच्या मनात शंका असेल म्हणून. कॉपीराइट कायदा 1957, कलम 39. प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खासगी वापरासाठी केलं तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. लेकीचा नाच घरात हवा तेवढ्या वेळा बघा. स्वतःच्या चॅनेलवर चढवायचा असेल तर मात्र ती खासगी बाब राहत नाही, आधी परवानगी घ्या.

तिहाई (रविवार, रात्री 11:30)

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवले आहेत. डिश लागली. गच्चीवर नवरा, खाली टीव्हीपाशी मी आणि मध्ये फोनवर लेक, "आई म्हणतेय अजून थोडं डावीकडे". दोन तास गेले. दोन तोंडांचा एलएनबी घेतला, एक वायर ट्यूनरला, दुसरी नानांनी सांगितलेल्या बॉक्सला. दोन्हीकडे रेकॉर्ड करणार.

आज पूर्ण अडीच तासांची रंगीत तालीम केली. बॉक्सचं रेकॉर्डिंग मध्येच थांबलं! पेनड्राइव्ह भरलेला नाही, 64 जीबीचा आहे. फाइल 4 जीबीला अडकली आहे. काय चुकलं?

ओझरचा_तंत्री (सोमवार, सकाळी 6:10)

तालीम पूर्ण लांबीची केलीत हे फार चांगलं झालं. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट32 आहे. त्यात एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. बॉक्सला एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट वाचता येत असेल तर तसा फॉरमॅट करा. नसेल तर दीड तासाने एखाद्या भाषणात थांबवून पुन्हा सुरू करा. कॉम्प्युटरवर ही अडचण येणार नाही, तिथली डिस्क एनटीएफएसच असते.

केबलवाला_नाना (सोमवार, सकाळी 9:15)

म्हटलं ना, घड्याळ बघायला एक मुलगा ठेवावा लागतो.

तिहाई (तीन आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री 9:20)

मंडळी, झालं! काल कार्यक्रम झाला.

मी सभागृहात होते, घरी नवरा आणि सासूबाई. साडेसहाला पावसाची जोरदार सर आली. नवऱ्याचा मेसेज, "चित्र फुटतंय". माझे हातपाय गार पडले. पण डिश चांगली आवळलेली होती, चाळीसेक सेकंद चौकोन आले आणि गेले, तेही निवेदनात. वीज एकदा गेली, यूपीएसने धरलं. दीड तासाने सासूबाईंनी घड्याळ बघून नवऱ्याला उठवलं आणि बॉक्सचं रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करायला लावलं. आमचा नंबर शेवटून दुसरा आला, म्हणजे तालमीत फाइल अडकली होती त्याच सुमाराला. तालीम केली नसती तर बॉक्समध्ये नृत्य अर्धवटच राहिलं असतं.

रात्री साडेबाराला सगळ्यांनी बसून बघितलं. मग लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने अठरा मिनिटं पुन्हा न दाबता कापून घेतली. कापताना अर्ध्या सेकंदाने पुढेमागे होतं, म्हणून दोन्हीकडे जरा जास्तच ठेवलं. ती मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे. ती कधीच दाबणार नाही. तिच्यावरून हँडब्रेकमध्ये बॉब लावून, आरएफ 20 ने वाटायची प्रत केली. जुन्या आय-थ्रीने तासाभरात काढली.

बाल्कनीदादा, तुमच्यासाठी खास लिहिते. शेवटच्या तिहाईआधी (तीनदा म्हटलेल्या बोलाआधी) मुली पायांचा आवाज उतरवत उतरवत एका घुंगराच्या किणकिणीवर येतात. ती किणकिण ऐकू येते. लेकीने तो भाग चार वेळा मागे नेऊन ऐकला आणि म्हणाली, "आई, तिसऱ्या ओळीत डावीकडून मीच आहे, माझं घुंगरू सैल झालं होतं, ते पण कळतंय."

कालिदास_बाल्कनी (सोमवार, रात्री 9:45)

सैल घुंगरू ओळखू आलं! डोळे भरून आले हो. तिला माझा आशीर्वाद सांगा.

डोंबिवलीची_मावशी (सोमवार, रात्री 10:10)

यूट्यूबवर शोधलं, अजून आलेलं नाही. मला पाठवशील का?

तिहाई (सोमवार, रात्री 10:30)

मावशी, कुठे टाकणार नाहीये, काळाकोट साहेबांनी सांगितलंय ते पटलं. नाशिकला याल तेव्हा घरीच या, मोठ्या टीव्हीवर दाखवते.

एक शेवटची अडचण होती, तीही सुटली. सिन्नरला आईच्या जुन्या टीव्हीवर एमकेव्ही फाइल उघडेना. एक्स264 आणि एएसीची एमपी4 केली, ती आमच्या जुन्या टीव्हीवर चालवून बघितली. पेनड्राइव्ह उद्या सकाळच्या एसटीने भावाबरोबर पाठवते आहे, बरोबर चकल्यांचा डबा. पेनड्राइव्ह डब्यात टाकू नकोस, एवढं त्याला दोनदा सांगितलंय.